लाल पेटी

६ नोव्हेंबर २०००, सोमवार

आत्याला घेऊन घाटी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलले, हे मला आवडलं. म्हणाले, "बाई, गाठ स्वरयंत्रावर आहे. ते काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. गळ्याला भोक ठेवू, त्यातून श्वास घ्यायचा."

"कधी?"

"डिसेंबरात."

"मंग तवर गाता यील का?"

डॉक्टर म्हणाले, कमी बोला, गाणं तर नकोच. आत्याने मान डोलावली. तिने मान डोलावली म्हणजे तिला पटलं असं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आत्या म्हणजे मुक्ताबाई, माझ्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळेपर्यंत ही बाई खंजिरी घेऊन गावोगाव गायली, मार खाल्ला, हर्सूलच्या जेलात राहून आली. तिची कॅसेट कुणी काढली नाही. आता माझ्याकडे कम्प्युटर आहे आणि हाताशी महिनाभर आहे. तिचं एक गाणं, जे तिने स्वतः रचलं ते, नीट रेकॉर्ड करायचं. एकही खोट नको.

ही डायरी कंपनीने दिवाळीला दिली होती, कोरीच पडली होती. मी मेंटेनन्सचा माणूस. कुठला स्क्रू किती फिरवला ते लिहून ठेवल्याशिवाय मला काम सुधरत नाही. म्हणून लिहितोय.

९ नोव्हेंबर, गुरुवार

माझी दुसरी पाळी आहे, त्यामुळे सकाळ मोकळी. पुढच्या खोलीच्या दाराला दोन गोधड्या टांगल्या. शेजारची पिठाची गिरणी अकराला सुरू होते, त्याच्या आत उरकायचं.

आत्या माइकसमोर बसली. खंजिरीवर तीन थापा मारल्या आणि गाण्याऐवजी बोलायलाच लागली. "हे गाणं कडुबाच्या नावानं. म्हैस सोडाया पेटलेल्या गोठ्यात शिरला. म्हैस भाईर आली, कडुबा नाय आला. लई हसायचा." मग गायली.

ही जेलातली पद्धत आहे. तिथल्या बायका गाणं म्हणायच्या आधी कुणातरी गेलेल्याचं नाव घ्यायच्या, तो माणूस कसा होता ते दोन शब्दांत सांगायच्या, मग त्याच्या नावाने गाणं. एकदा एका माणसाचं झालं की पुढच्या वेळी दुसरा. आत्याने ती पद्धत बाहेर आल्यावरही सोडली नाही.

आवाज अजून असा आहे की अंगावर काटा आला. "नाव लिव्हा गं दगडावर, वारा पुसंल पाटीवरचं." वरचा सूर जरा घासतो, पण लागतो.

आणि ऐकायला गेलो तर जागोजागी टिक, टिक. मशीनला आवाज डिस्कवर लिहायला फुरसत मिळत नाही, मध्ये अडखळतं, तेवढा आवाज गळून पडतो आणि तिथे टिक ऐकू येते. शिवाय कम्प्युटरच्या पंख्याची घरघर. रिजेक्ट.

११ नोव्हेंबर, शनिवार

पंख्याचा बंदोबस्त केला. मशीन आत स्वयंपाकघरात नेलं, माइकची वायर दाराखालून बाहेर काढली, दार बंद. मी आत, आत्या बाहेर एकटी. मी दारावर टकटक केलं की तिने सुरू करायचं. हेडफोनमधून ऐकत बसलं तर मशीनवर आणखी ताण पडतो, म्हणून ते बंद ठेवलं. आता मला फक्त पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. आधी तीन काटे, त्या थापा. मग एक बुटकी टेकडी, ते तिचं बोलणं. मग डोंगर, ते गाणं. नंतर तपासताना थेट डोंगरापासूनच ऐकायचं.

डिस्कच्या सेटिंगमध्ये डीएमएचा चौकोन रिकामा होता. त्यावर खूण केली, म्हणजे डिस्क दर वेळी प्रोसेसरला हाक न मारता आपापलं काम करते. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद. टिका निम्म्यावर आल्या. तरी आहेतच.

आमच्या कंपनीत प्रत्येक लाइनवर एक लाल पेटी असते. खोट असलेला माल तिच्यात टाकायचा आणि पाळी संपली की पेटी रिकामी करायची. खोटा माल लाइनवर राहिला की चांगल्यात मिसळतो, मग बाहेर गेल्यावर बोंब होते. चौदा वर्षं हेच करतोय. कम्प्युटरवरही मी एक फोल्डर काढलं, नाव ठेवलं लाल पेटी. टिक असलेलं गाणं तिच्यात, आणि कामावर निघायच्या आधी पेटी साफ. मग डिफ्रॅग लावून द्यायचं. डिफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेलं सगळं उचलून सलग रचायचं, म्हणजे पुढच्या वेळी लिहायला मोकळी, सलग जागा मिळते. संध्याकाळपर्यंत ते चालत राहतं. घर झाडून ठेवल्यासारखं वाटतं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

काल आणि आज मिळून बरंच गाऊन घेतलं. सगळं लाल पेटीत गेलं.

सिडकोत कॅनॉटला कम्प्युटरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणतो, "भाई, चौसठ में क्या होता? रॅम डालो, मक्खन चलेगा." एकशे अठ्ठावीस केली. मक्खन वगैरे काही चाललं नाही. मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवरच तात्पुरती जागा घेतं, आणि ती जागा सारखी लहानमोठी करत राहतं, नेमकं गाणं चाललेलं असताना. तिचा कमीत कमी आकडा आणि जास्तीत जास्त आकडा एकच करून टाकला. आता वळवळ नाही. शिवाय विंडोज मेमरी स्वतःच्या साठवणीला गिळत होतं, त्यालाही फाइलमध्ये एक ओळ लिहून लगाम घातला.

टिका अगदी मोजक्या राहिल्या. एक नेमकी "दगडावर" या शब्दावर. शब्दच मोडला.

मी आत्याला म्हणालो, "पुन्हा घ्यावं लागेल." वाटलं कंटाळेल. ती म्हणाली, "घे की. मला काय. माझी अजून लई माणसं ऱ्हायलीत." कुठली माणसं कोण जाणे. गोळ्यांमुळे बोलण्यात कधी कधी तुटकपणा येतो. मी सांगितलं, "आत्या, आधीचं बोलणं नको. सरळ गाणं घे. घशाला त्रास होतो." तिने मान डोलावली.

पुढच्या खेपेला पुन्हा तीन काटे, टेकडी, डोंगर. मी आत हात चोळत बसलो.

१९ नोव्हेंबर, रविवार

गावाकडची सरूबाई आत्याला भेटायला आली. ती आता लेकीकडे गंगापूरला असते, जीपने आली, येताना ज्वारीचं पीठ आणि शेंगांची चटणी घेऊन. हिचा मुलगा कचरू. आमच्या वस्तीतला पहिला कॉलेजात गेलेला. अठ्ठ्याहत्तरला नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी पेटलं, तेव्हा त्याला रस्त्यात गाठून मारलं. बैलगाडीत घालून शहराकडे आणत होते. गाडीत त्याचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं. तो वाटेतच गेला. एवढंच आमच्या घरात माहीत आहे. गाडीत काय झालं, तो काही बोलला का, हे आत्याने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सरूबाईने पूर्वी विचारलं होतं तेव्हा ती उठून गेली होती, हे मी पाहिलंय.

दोघी चहा पीत बसल्या होत्या. सरूबाई म्हणाली, "मुक्ते, आता तुझा आवाज जायचा म्हंत्यात."

"व्हय."

"मंग माझं ऱ्हायलेलं?"

आत्याने कप खाली ठेवला. म्हणाली, "तुझ्या तोंडावर मला व्हत नाय, सरू. बावीस वर्सं झालं नाय. पर मी त्या पेटीला सांगती. तिला तोंड नाय. नंतर ये, ह्यो सर्जा तुला ऐकवील."

मी माझ्या बायकोला, लीलाला, हळूच म्हणालो, आत्याला वाटतंय कम्प्युटर म्हणजे कुणी माणूसच आहे. लीला हसली नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज वैताग. आज तीन काट्यांनंतरची टेकडी संपेचना. मी दारावर टकटक केलं, एकदा, दोनदा. टेकडी सुरूच. मध्ये मध्ये सपाट, मग पुन्हा. फाइल वाढत चालली, डिस्कचा दिवा तांबडा झाला तो झालाच. शेवटी गाणं आलं ते थकलेलं आणि मधोमध दोन टिका. दाबून लाल पेटीत.

लीला अंगणवाडीतून तेव्हाच घरी आली होती, पुढच्या दाराने. आत येऊन ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. डोळे पुसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आत्या कचरूचं सांगत होत्या. मला शेवटचंच ऐकू आलं."

"काय?"

"'आईला सांग' एवढंच. पुढचं मी गोधडी सारताना निसटलं, आत आले तेव्हा त्या थांबल्या होत्या." मग म्हणाली, "तुम्ही ठेवलंय ना ते?"

मी म्हणालो, गाण्यात टिका होत्या. ती भाकरीला बसली. मला पाळीला उशीर झाला होता. डिफ्रॅग लावून निघालो.

२६ नोव्हेंबर, रविवार

आत्याच्या थुंकीत रक्त आलं. लीला मला म्हणाली, "बास करा आता. पहिल्या दिवशीचं गाणं किती छान होतं." मी तिला समजावलं की पहिल्या दिवशीच्या गाण्यात पंख्याची घरघर होती आणि टिकांचा सडा होता. आणि ते आता आहेच कुठे.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. वरचा सूर आता लागत नाही, फाटतो. मशीन दिवसेंदिवस सुधारतंय आणि आत्या दिवसेंदिवस बिघडतेय. दोन्ही रेघा कुठेतरी एकमेकींना छेदून गेल्यासुद्धा असतील. पण खोट असलेला माल मी ठेवू शकत नाही. लोक म्हणतील, बाईचा आवाज चांगला होता, भाच्याने वाट लावली.

दुपारी आत्याने विचारलं, "सर्जा, मी म्हंती ते समदं पेटीत ऱ्हातंय ना?"

तिला समजावत बसायला वेळ नव्हता. म्हणालो, "हो. सगळं राहतं."

"मंग झालं," म्हणाली आणि पडली.

६ डिसेंबर, बुधवार

आज रेकॉर्डिंग नाही. लीला आत्याला घेऊन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे गेली, दोघी मेणबत्त्या लावून आल्या. आत्या येताना कुणाशी बोलली नाही. ओठ तेवढे हलत होते, म्हणे. मी घरी थांबून मशीनचा विचार करत बसलो. आता डिस्क बरोबर, मेमरी बरोबर, तरी एक टिक येतेच. कुठून येते?

९ डिसेंबर, शनिवार

सापडलं.

दोष डिस्कचा नव्हताच. पडद्यावर ती आवाजाची रेघ सरकत होती ना, काटे, टेकडी, डोंगर, ती काढण्यात मशीन गुंतायचं. मला दिसावं म्हणून ते दर क्षणाला चित्र काढत होतं आणि तेवढ्यात आवाज निसटायचा. म्हणजे मी बघत होतो म्हणून टिक येत होती. चित्रच बंद केलं. खिडकी खाली घेतली, ग्राफिक्सचा वेग कमी केला आणि कोऱ्या पडद्यासमोर बसलो.

दारावर टकटक केलं. नंतर तपासलं तेव्हा कळलं, आज आत्याने खंजिरीच्या तीन थापा मारल्या आणि लगेच गाणं सुरू केलं. मधलं बोलणं नाही. शेवटी माझं ऐकलं तर.

एकही टिक नाही. पुन्हा ऐकलं, पुन्हा नाही. मी बाहेर जाऊन तिचे पाय धरले. म्हणालो, "आत्या, झालं. आज बोलली नाहीस ते बरं केलंस."

ती खंजिरी फडक्यात गुंडाळत होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "समद्यांचं घिऊन झालं. कुणी ऱ्हायलं नाय."

आवाज फाटलेला आहे, हे मान्य. वरचा सूर तिने खालूनच घेतला. पण गाणं अखंड आहे. लाल पेटी शेवटची साफ केली. आता डिस्कवर फक्त चांगला माल.

१८ डिसेंबर, सोमवार

ऑपरेशन झालं. आत नेताना आत्याने माझा हात दाबला आणि म्हणाली, "सरूला बोलाव." एवढंच. हे तिचे शेवटचे शब्द, म्हणजे आवाजातले.

गळ्याला भोक आहे. त्यातून श्वास जातो येतो तेव्हा शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येतो. मी बाहेर पायरीवर येऊन रडलो.

१४ जानेवारी २००१, रविवार

विद्यापीठाला नाव मिळाल्याचा दिवस, गेटवर दरवर्षीसारखी गर्दी. पुस्तकांचे, फोटोंचे, कॅसेटचे स्टॉल. मी टेबल टाकलं, दोन स्पीकर लावले आणि कॅसेटवर उतरवलेलं आत्याचं गाणं लावलं. लोक थांबले. जुन्या बायका ओळखून जवळ आल्या, आत्याच्या गालांवरून हात फिरवत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "बाईंचा आवाज थकलाय, पर बाईच हाय." गाणं स्वच्छ वाजत होतं. मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

आत्या गळ्याला पांढरं फडकं बांधून खुर्चीत बसली होती. मला वाटलं होतं ती खूश होईल. गाणं सुरू झालं की ती दर वेळी मान वर करायची, स्पीकरकडे बघायची, आणि गाणं संपलं की माझ्याकडे. मी पुन्हा लावायचो. पुन्हा तेच. शेवटी तिने हाताने नको अशी खूण केली. ऊन लागलं असेल. लवकर घरी आणलं.

४ फेब्रुवारी, रविवार

सरूबाई आली. लीलानेच गंगापूरला निरोप पाठवला होता.

नवं लुगडं नेसून आली होती. आत्या आधीच पुढच्या खोलीत बसलेली. मशीन आता तिथेच आहे. सरूबाई मशीनसमोर मांडी घालून बसली आणि पदर डोक्यावर घेतला, वंदनेला बसतात तसा. म्हणाली, "लाव बाबा."

मी गाणं लावलं. ती ऐकत राहिली. संपलं. तशीच बसून राहिली, मशीनकडे बघत.

"मंग?" म्हणाली.

"झालं, मावशी. गाणं संपलं."

"गाणं मला पाठ हाय रं. माझ्या कचरूचं लाव."

आत्याने पुढे होऊन खंजिरी उचलली. तीन थापा मारल्या. मग हाताने मागे, मागे, अशी खूण केली. गाण्याच्या आधी जा. मी बाण सुरुवातीला नेला. तिथून मागे काही नाही. शून्यापासून सुरू होतं ते, आणि त्या तीन थापा. आत्या खूण करतच राहिली. एका बोटाने हवेत काहीतरी मोजत होती, एक माणूस, दुसरा माणूस, तिसरा. मग स्वतःच्या मांडीवर हात ठेवला आणि सरूबाईकडे बघितलं.

तेव्हा मला समजलं. मी इतका हुशार माणूस, मला तेव्हा समजलं. मी पुन्हा घे म्हणायचो तेव्हा ती कंटाळायची का नाही ते. तिला प्रत्येक वेळी आणखी एक माणूस मिळत होता.

सांगणं भाग होतं. म्हणालो, "आत्या, ते नाही. पुसलं. रोजचं रोज पुसत होतो."

गळ्यातल्या भोकातून शीळ निघाली, लांबलचक. चेहरा हलला नाही.

सरूबाईला नीट कळलं नसावं. मला विचारलं, "म्हंजी उद्या यिऊ का?"

७ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस रजा टाकली. पुसलेल्या फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर मिळतं, ते मिळवून लावलं. नावं परत आली, म्हणजे फाइलींची; मी नुसते आकडे दिले होते. आत काही नाही. उघडल्यावर खरखर, तुकडे, आणि एकात शेवटच्या चांगल्या गाण्याचाच एक कण. डिफ्रॅगने मोकळी जागा राहू दिली नव्हती. जिथे कचरू होता तिथे मीच दुसरं काहीतरी नीट, सलग रचून ठेवलं.

कॅनॉटवाला म्हणाला, "डिलीट करके छोड देते तो निकल आता. तुमने तो साफ कर डाला, भाई."

ही वही मागे चाळली. डीएमए लिहिलंय, मेमरीचा आकडा लिहिलाय, टिक कुठल्या शब्दावर होती ते लिहिलंय. कडुबा आणि त्याची म्हैस, लीलाला ऐकू आलेलं 'आईला सांग', एवढीच माणसं. बाकीची मला टेकड्या म्हणून आठवतात. कुठली बुटकी, कुठली लांब. मला त्या अजून काढून दाखवता येतील. त्यांत कोण होतं ते सांगता येणार नाही.

लीला माझ्याशी कामापुरतं बोलते. काल म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला." बरोबर आहे. विचारलं होतं.

आत्याला लिहिता येत नाही. जेलात बायका अक्षरं शिकवायच्या, ही गायची.

११ फेब्रुवारी, रविवार

सरूबाई परत आली. आत्यानेच बोलावलं असावं, कुणाच्या हाती ते माहीत नाही. आत्याने मला मशीनकडे बोट दाखवलं, माइककडे बोट दाखवलं. रेकॉर्डिंग लाव.

मी म्हणालो, "आत्या, आता कसं." तिने पुन्हा बोट दाखवलं.

दारं लावली नाहीत, गोधड्या टांगल्या नाहीत. गिरणी सुरू होती. मी लाल बटण दाबलं आणि या खेपेला बाहेरच, त्यांच्यासमोर बसलो.

आत्याने तीन थापा मारल्या. मग सरूबाईचा हात धरून तिला समोर ओढून घेतलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि बोलायला लागली. बावीस वर्षं जे तोंडावर होत नव्हतं ते तोंडावर सांगत होती. ओठ हलत होते, हात हलत होते. मांडीवर डोकं घेतलेलं दाखवलं, गाडीचा दांडा दाखवला, पाणी पाजलेलं दाखवलं. मग दोन्ही हात सरूबाईच्या गालांवर ठेवले आणि एक वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा. सरूबाई तिच्या ओठांकडे डोळे फाडून बघत होती.

"आईला सांग," लीला दारातून म्हणाली. "एवढं मला माहीत आहे, मावशी. तो म्हणाला, आईला सांग."

"काय सांग?" सरूबाईने विचारलं.

आत्याने पुन्हा सांगितलं. शीळ तेवढी आली.

सरूबाईने माझ्याकडे बघितलं. "सर्जा, तुला कळतंय का रं? काय म्हंती ती?"

मला कळलं नाही. मी आत्याच्या ओठांवरून शब्द जुळवून बघितले, घर, भाकर, रडू नको. प्रत्येक वेळी आत्याने मान हलवली, नाही. शेवटी तिचे हात खाली पडले. सरूबाईने ते आपल्या ओटीत घेतले. दोघी तशाच बसल्या आणि मी बटण बंद करायला उठलो नाही. गिरणी बंद झाली, मग तर खोलीत काहीच उरलं नाही, फक्त ती शीळ, आत, बाहेर.

सरूबाई गेल्यावर फाइल पूर्ण ऐकली, पहिल्यापासून, एकही भाग न सोडता. तीन थापा आहेत. लीलाचं वाक्य आहे. "काय सांग?" आहे. त्याच्यापुढे आत्याचा श्वास आहे, लांबच्या लांब. मशीन एकदाही अडखळलेलं नाही. कुठेही टिक नाही.

ठेवली आहे.